एक उघडझाप, मग दोन

गाडी सुरू होत नाही, असे म्हणून भागत नाही. ती कोणत्या तऱ्हेने सुरू होत नाही हे आधी ठरवावे लागते. चावी फिरवल्यावर सेल्फ इंजिनाला व्यवस्थित घुमवतो आणि तरीही इंजिन पेट घेत नाही, ही एक तऱ्हा झाली. नुसता ‘टक्’ असा आवाज येऊन सारे शांत होते, ही अगदी निराळी. या दुसऱ्या तऱ्हेत गाडीच्या संगणकाला विचारण्याजोगे फारसे काही नसते, कारण चौकशी करायची असते ती बॅटरीची, तिच्या टोकांवर साचलेल्या पांढुरक्या थराची, अर्थिंगच्या केबलची आणि खुद्द सेल्फची. पूर्ण भारलेली बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना हा आकडा साडेनऊच्याही खाली घसरत असेल, तर संगणकाला स्वतःलाच पुरेशी वीज मिळत नाही, आणि अशा अवस्थेत त्याने नोंदवलेल्या कोडांवर, म्हणजे बिघाडाच्या सांकेतिक नोंदींवर, मी तरी फार भरवसा ठेवणार नाही.

पहिल्या तऱ्हेत मात्र कोड वाचण्याला अर्थ आहे. त्यातही स्कॅनर, म्हणजे कोड वाचणारे यंत्र, काढण्याआधी चावी फक्त ‘ऑन’वर आणून डॅशबोर्डावरचा ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो का, एवढे पाहावे. इंजिन बंद असताना तो लागलाच पाहिजे. तो लागला नाही आणि त्याचा बल्ब ठीक असला, तर संगणकापर्यंत वीजच पोचत नसण्याची शक्यता मोठी असते. मग कोड शोधण्याऐवजी फ्यूज आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) शोधावा.

हा दिवा जुन्या गाड्यांत बोलतही असे. जनरल मोटर्सच्या १९८० च्या दशकातल्या अनेक गाड्यांमध्ये डॅशबोर्डाखालच्या कनेक्टरमधली दोन ठरावीक टोके तारेच्या तुकड्याने जोडली आणि चावी ऑन केली, की दिवा उघडझाप करू लागे. एकदा, थोडे थांबून दोनदा: म्हणजे बारा. प्रत्येक कोड तीनदा सांगण्याची त्याची पद्धत होती आणि सुरुवात नेहमी बारानेच होई. या बाराचा अर्थ मला फार आवडतो. डिस्ट्रिब्युटरकडून, म्हणजे ठिणगीची वीज सिलिंडरांना वाटणाऱ्या भागाकडून, इंजिन फिरत असल्याचा संकेत येत नाही, एवढेच तो सांगतो. बंद इंजिनाकडून असा संकेत येणार नाही हे उघडच आहे. म्हणून येथे बारा हा बिघाड नसून तपासयंत्रणा शुद्धीवर असल्याची ग्वाही आहे. सांगायचे दुसरे काही असेल तर ते त्यानंतर येते, आणि वही-पेन्सिल घेऊन उघडझाप मोजणाऱ्याला थांबण्यावाचून गत्यंतर नसते.

अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना ओबीडी-२ ही गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवण्याची सामाईक पद्धत सक्तीची झाली. सोळा टोकांचे कनेक्टर आले आणि उघडझापीच्या जागी पी ०३३५ अशी पाच अक्षरी नोंद स्कॅनरवर क्षणात उमटू लागली. सोय मोठीच झाली, यात वाद नाही. पण ही सारी यंत्रणा मुळात कॅलिफोर्नियातल्या प्रदूषण-नियमांतून वाढली. गाडीच्या धुराड्यातून काय बाहेर पडते याची तिला मुख्य काळजी. त्यामुळे न सुरू होणाऱ्या जुन्या गाडीत पी ०४२० सापडला, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता उतरल्याची नोंद मिळाली, तर तो कोड खरा असूनही बहुधा आजच्या अडचणीशी त्याचा संबंध नसतो. तो कदाचित कित्येक महिने तिथेच मुक्काम ठोकून असेल.

पी ०३३५ चे प्रकरण वेगळे. हा क्रँकशाफ्टची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची, स्थिती कळवणाऱ्या सेन्सरच्या सर्किटचा कोड. इंजिन फिरते आहे आणि नेमके कुठवर आले आहे हे या सेन्सरकडून कळले नाही, तर ठिणगी केव्हा पाडावी आणि इंधन केव्हा सोडावे याचा संगणकाला अंदाज येत नाही. पुष्कळ गाड्यांत तो मग दोन्ही गोष्टी टाळतो. येथे घाई नडते. कोड सर्किटचा असतो, आणि सर्किटमध्ये सेन्सर, त्याची वायर, तेलाने माखलेले कनेक्टर आणि अर्थिंग असे सगळेच आले. सेल्फ मारत असताना स्कॅनरवर इंजिनाचे फेरे शून्यच दिसत असतील, तर संशय बळावतो. तरीही नवा सेन्सर मागवण्यापूर्वी गरम भागाला घासून वायरचे आवरण गेले आहे का, हे डोळ्यांनी पाहायला काही खर्च येत नाही.

आणि कोडच नसेल तर? तेव्हा लोक निराश होतात, ते मला पटत नाही. पुष्कळ जुन्या गाड्यांत इंधनाचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो. पंपाला चालू होण्याचा हुकूम गेला, की संगणकाचे काम संपले. पंप फिरला की अडकून बसला, फिल्टर तुंबला की टाकीच कोरडी आहे, हे त्याला कळायला मार्ग नाही. ते माणसाला कळते: चावी ऑन केल्यावर बहुतेक गाड्यांत टाकीच्या बाजूने सुमारे दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. ती आली नाही, तर पंपाच्या फ्यूजकडे आणि रिलेकडे वळावे.

कोड पुसण्याची घाईही करू नये. जुन्या गाड्यांत बॅटरीची केबल काढली की स्मृती जाते. ओबीडी-२ मध्ये स्कॅनरने कोड पुसला, की बिघाडाच्या क्षणी इंजिनाचे तापमान, फेरे, भार किती होते याची साठवलेली नोंदही जाते. मी कोड आणि ही नोंद आधी कागदावर उतरवून घेतो. गाडी सुरू झालीच, तर बिघाड पुन्हा न आढळता इंजिन साधारण चाळीस वेळा थंड होऊन तापल्यावर कोड आपोआप पुसला जातो, आणि तो कागद तोवर गाडीतच ठेवलेला बरा.