‘थांबल्यावर’ला उद्या नसतो

नववीला वाक्यप्रकार शिकवायला घेतले की सुरुवातीला मुलं खुशीत असतात. ‘जेव्हा-तेव्हा’, ‘जो-तो’, ‘जर-तर’ दिसलं की मिश्र वाक्य (मुख्य वाक्य आणि त्यावर अवलंबून असलेलं गौण वाक्य मिळून झालेलं), एवढं शिकवणीत घोटून झालेलं असतं. गाडी अडते ती ‘पाऊस थांबल्यावर आम्ही निघालो’पाशी. निम्मा वर्ग ‘मिश्र!’ म्हणून ओरडतो. उत्तर चुकीचं, हे केवल वाक्य, म्हणजे एकाच क्रियापदाचं; पण शंका रास्त आहे: पाऊस आहे, त्याचं थांबणं आहे, मग हे गौण वाक्य का नाही?

‘अर्थ पूर्ण होतो का बघा’ ही कसोटी सर्रास सांगतात. मला ती पटत नाही. ‘पाऊस थांबल्यावर’ म्हटलं की ऐकणारा ‘मग?’ विचारतो, आणि ‘जेव्हा पाऊस थांबला’ म्हटलं तरी ‘मग?’च विचारतो. पहिला नुसता शब्दसमूह, दुसरं गौण वाक्य. अर्थ दोन्हींचा अर्धाच.

म्हणून मी काळ बदलायला लावते. दोन्हींत ‘उद्या’ घालायचं. ‘उद्या पाऊस थांबल्यावर आम्ही निघू.’ ‘उद्या जेव्हा पाऊस थांबेल, तेव्हा आम्ही निघू.’ ‘थांबला’चं ‘थांबेल’ झालं, ‘थांबल्यावर’ मात्र ढिम्म. काळाप्रमाणे बदललं ते क्रियापद. हललं नाही ते धातुसाधित, म्हणजे ‘थांब’सारख्या धातूपासून बनलेला पण क्रियापद नसलेला शब्द, आणि त्याच्या जोरावर वाक्य उभं राहत नाही.

यावर मागच्या बाकावरून आलंच, “बाई, ‘मी आणलेला आंबा’चं ‘आणलेली कैरी’ होतं की! बदललं ना?” बदललं, पण लिंगाप्रमाणे, पिवळा आंबा, पिवळी कैरी होतं तसं. म्हणजे ‘आणलेला’ विशेषणाचं काम करतोय. ‘जो आंबा मी आणला’ म्हणा, ‘आणेन’ म्हणा, तिथे काळ लगेच दिसतो.

मग जोड्या लावल्या. ‘त्याचं उशिरा येणं मला खटकतं’ आणि ‘तो उशिरा येतो, हे मला खटकतं.’ आता मुलं ‘येणं’ला फसली नाहीत. म्हणीही काढल्या. ‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ त्यांनी आपणहून भूतकाळात नेली: ज्याची खाल्ली पोळी, त्याची वाजवली टाळी. दोन्हीकडे बदल, म्हणजे मिश्र. ‘शितावरून भाताची परीक्षा’वर मात्र घंटा होईपर्यंत वाद रंगला, कारण बदलायला क्रियापदच सापडेना. शेवटी एकीने ‘होते’ अध्याहृत (न लिहिलेलं पण मनात घ्यायचं) धरलं आणि वहीत केवल वाक्य लिहून टाकलं.