एका रेल्वेमार्गावरचे तीन दगड

आमच्या लहानपणी सोलापुरात पाट्याला आणि जात्याला टाकी लावणाऱ्या बाया दुपारच्या वेळी गल्लीतून हाळी देत फिरत असत. आमच्या पाट्यावर रोजचे वाटण होई आणि वर्षभरात तो इतका गुळगुळीत होई की वरवंटा नुसता घसरू लागे. मग आई हाक मारून त्यांतल्या एकीला ओसरीवर बसवी. ती बाई काम सुरू करण्याआधी सुतकीने, म्हणजे दगडकामाच्या हातोडीने, पाट्यावर दोन ठिकाणी हलकेच ठोकून पाही. आईने एकदा विचारले, "मावशी, नवाच घ्यावा का आता?" त्यावर ती म्हणाली, "कशाला वो? आवाज ऐका की. जिता दगड हाय." आवाज खरोखरच खणखणीत होता. नंतर ती टाकी जवळजवळ उभी धरून, अंगठ्याच्या नखाएवढ्या अंतरावर एकेक ठोका देत जाई. प्रत्येक ठोक्याला पिठासारखी राखाडी भुकटी उडे आणि मागे एक पांढुरका ठिपका राही. दगडाची ढलपी मात्र कधी निघाली नाही.

ती टाकी उभी का धरते, हे मला पुष्कळ वर्षांनी, मंदिरे पाहत हिंडू लागल्यावर उमगले. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थरांवर थर पसरून निवला आणि त्यातून हा दगड तयार झाला. त्याचे स्फटिक अतिशय बारीक असून एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. संगमरवराची कठीणता मोझच्या मोजपट्टीवर ३ भरते, तर बेसाल्टची ६ च्या आसपास. संगमरवरावर छिन्नी तिरपी धरली की ती पुढे सरकत लांब चरे काढते. बेसाल्टवर तशी धरली तर ती निसटते किंवा तिची धार मोडते. म्हणून हा दगड तासत नाहीत, टिचतात. उभ्या टाकीखाली स्फटिकांचा चुरा होतो आणि मूर्ती त्या चुऱ्यातून कणाकणाने बाहेर येते. पोलादही तितक्याच वेगाने बोथट होते. टाक्या पुन्हापुन्हा भट्टीत लाल करून ठोकाव्या लागतात आणि त्यांना पाणी द्यावे लागते. त्यामुळे पाथरवटाच्या कामात टाक्या शेवटणाऱ्या, म्हणजे त्यांना पुन्हा धार काढून देणाऱ्या, लोहाराचा वाटा फार मोठा असतो, हे मूर्तीसमोर उभे राहणाऱ्याच्या सहसा मनात येत नाही.

या दगडाचे वेगळेपण सोलापूरहून गदगकडे जाणाऱ्या गाडीत बसल्यावर नीट कळते. हा मार्ग पूर्वी मीटर गेज होता, तेव्हापासून मी त्यावरून अनेकदा गेलो आहे. एकाच मार्गावर चालुक्य नावाच्या दोन राजघराण्यांचे काम तीन वेगवेगळ्या दगडांत पाहायला मिळते.

बदामीला उतरले की तांबूस वालुकाश्म लागतो. तिथल्या तिसऱ्या लेण्यात बदामीच्या चालुक्य घराण्यातल्या मंगलेशाचा शके ५००, म्हणजे इ. स. ५७८ चा लेख आहे. वालुकाश्माचे कण गारगोटीचे असल्यामुळे कठीणच असतात. पण तो दगड थराथरांनी साचलेला असल्याने थरांच्या सांध्यावरून त्याचे मोठे सपाट खंड सुटतात. त्यामुळे शिल्पींना मोठ्या मापात विचार करता आला असावा, असे मला वाटते. माणसाहून कितीतरी उंच त्रिविक्रम, शेषावर बसलेला विष्णू, नरसिंह या सगळ्यांची अंगे भरदार आणि सलग आहेत, आणि दागिने त्या मानाने मोजके आहेत.

गदगच्या पलीकडे, दहा-बारा किलोमीटरवर लक्कुंडी आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात तिथे क्लोराईट शिस्ट हा शंखजिऱ्याच्या जातकुळीतला, हिरवट करडा आणि मऊ दगड वापरला गेला. काशीविश्वेश्वर मंदिराच्या द्वारशाखांवरची वेलबुट्टी सुताराने लाकूड कोरावे तशी आरपार कोरलेली आहे. खांबांवरची वर्तुळे तर इतकी नेमकी आहेत की दगड चरकावर फिरवूनच ती काढली असावीत, असे अभ्यासक मानतात. पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा मी भारावून गेलो होतो. परतीच्या गाडीत सोबतचे एक गृहस्थ म्हणाले, "आपल्याकडची देवळे यापुढे अगदीच ओबडधोबड." तेव्हा मला त्यांना उत्तर देता आले नाही.

ते उत्तर मला हत्तरसंग-कुडल येथे मिळाले. सोलापूरच्या दक्षिणेला भीमा आणि सीना यांच्या संगमावर संगमेश्वर आणि हरिहरेश्वर ही दोन मंदिरे आहेत. गावोगावच्या सवयीप्रमाणे लोक त्यांनाही हेमाडपंती म्हणतात. पण ज्याच्या नावावरून हा शब्द आला तो यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकातला, आणि संगमेश्वराच्या तुळईवरचा मराठी लेख शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा आहे. म्हणजे ही तुळई चढली तेव्हा हेमाद्रीचा जन्म व्हायला दोन शतके अवकाश होता. हरिहरेश्वर मंदिरात उत्खननात सापडलेले बहुमुखी शिवलिंग आहे. त्यावर ३५९ मुखे आहेत आणि मूळ लिंग धरून संख्या ३६० होते.

त्या लिंगासमोर मी बराच वेळ बसलो होतो. लाव्हा निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात. पुढे त्या पोकळ्यांत पांढरी खनिजे साचतात किंवा त्या तशाच रिकाम्या राहतात. घराच्या भिंतीसाठी असा दगड चालतो. पण ज्या चेहऱ्याचे नाक गव्हाच्या दाण्याएवढे, त्याच्या जागी एक खळगा निघाला तर चेहराच जातो, आणि गेलेला चेहरा पुन्हा घालता येत नाही. म्हणजे इतकी मुखे काढण्याआधी कोणीतरी आतून निर्दोष, घन असा दगड पारखून घेतला असला पाहिजे. शिल्पशास्त्राच्या ग्रंथांत ही पारख आवाजावरून सांगितली आहे. घंटेसारखा नाद देणारी ती पुरुषशिला, तिची मूर्ती करावी. काशाच्या भांड्यासारखी वाजणारी ती स्त्रीशिला, तिचे पीठ करावे. आणि जिला नादच नाही ती नपुंसकशिला बांधकामाच्या पायात घालावी. आमच्या ओसरीवरची ती बाई सुतकीने पाटा ठोकून हेच ऐकत होती.

बेसाल्टमध्ये आरपार कोरणे जोखमीचे असते, कारण बारीक आणि सुटा राहिलेला भाग ठोक्याच्या हादऱ्याने तुटतो. म्हणून शिल्पी हात अंगाला लागून ठेवतो, बोटे एकत्र ठेवतो आणि दागिना उठावापुरताच काढतो. या संयमाला ओबडधोबड म्हणणे मला अन्यायाचे वाटते. लक्कुंडीच्या शिल्पीला दगडाने जी मोकळीक दिली ती आपल्याकडच्या शिल्पीला मिळाली नाही. त्याला आकार आधीच ठरवून, जेवढे अत्यावश्यक तेवढेच मागावे लागले. शेवटी कुरुंदाच्या भुकटीने आणि पाण्याने घोटून जिथे झळाळी आणली जाते, तिथे हा दगड आरशासारखा काळाभोर होतो. तशी झळाळी मऊ शिस्टवर मी पाहिलेली नाही.

अलीकडे मात्र एक गोष्ट मनाला फार लागते. आमच्या भागातल्या एका गावात जुन्या देवळाच्या खांबांना भक्तिभावाने ऑइलपेंट फासला गेला आणि पुढे तो काढण्यासाठी यंत्राने वाळूचा मारा केला गेला. रंगाबरोबर दगडाचा घोटलेला पृष्ठभाग गेला आणि टाक्यांचे ठसेही गेले. पूर्वी त्या खांबांवर कोणत्या हाताने किती दाट ठोके दिले होते ते बोटाने चाचपता येत असे. ज्यांनी हे केले त्यांचा हेतू चांगलाच होता, म्हणूनच याबद्दल बोलणे अधिक गरजेचे आहे. दगड साध्या पाण्याने आणि मऊ कुंच्याने धुतला तरी पुरते.

कुडलला जाणाऱ्यांनी सोबत टॉर्च न्यावा. तुळईवरच्या लेखावर तो समोरून धरला तर अक्षरे सपाट होतात, म्हणून तो बाजूला, दगडाला जवळजवळ टेकवून धरावा. त्या तिरप्या उजेडात प्रत्येक अक्षराच्या कडेला सावली पडते आणि "वाछि तो विजेया होईवा", म्हणजे जो वाचेल तो विजयी होईल, ही ओळ दिसू लागते. थोडे अधिक वेळ थांबले की अक्षरांच्या तळाशी एकाशेजारी एक पडलेले टाकीचे ठिपकेही दिसतात, आमच्या पाट्यावर पडत तसेच.