नडीचा पैसा

दुकानदार सुट्यांऐवजी चॉकलेट हातावर ठेवतो, पण तेच चॉकलेट उद्या पैसे म्हणून परत घेत नाही. १९२३ साली जर्मन कारखान्यांनी पगारात वाटलेले कागद त्या मानाने सरळ होते. देणारा ते परत घ्यायला बांधलेला असे. त्यांना म्हणत नोटगेल्ड. यातला 'नोट' आपल्या नोटेतला नव्हे. जर्मनमध्ये 'नोट' म्हणजे नड आणि 'गेल्ड' म्हणजे पैसा.

नड साधीच. मार्क, म्हणजे जर्मन चलन, रोज घसरत होता. म्हणून पगार रोजच्या रोज चुकवायचा आणि राइशबँकेने, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने, शंभराहून जास्त खासगी छापखाने जुंपले तरी नोटा पुरत नव्हत्या. मग लेव्हरकुझेनची बायर, लुडविग्सहाफेनची बीएएसएफ अशा रसायन कंपन्यांनी स्वतःच कागद छापले. त्यावर रक्कम, कंपनीचं नाव, क्रमांक, सह्या, मुदत. घाईमुळे पुष्कळांची पाठ कोरीच. छापून होईस्तोवर रक्कम चिल्लर व्हायची, मग जुन्या आकड्यावर नवा ठोकायचा. खुद्द राइशबँकेनेही हजार मार्कांच्या नोटेवर लाल शाईत 'एक मिलिआर्ड', म्हणजे शंभर कोटी, छापून ती चालवली.

खरी मेख मुदतीत होती. ऑक्टोबरात भाव चारेक दिवसांत दुप्पट होत होते. म्हणजे सोळा दिवसांनी परत आलेला कागद कंपनीला सोळाव्या हिश्श्यात पडे. कामगाराची मेहनत तर तिने आधीच वसूल केलेली! कागद जितका जास्त फिरेल तितकं देणं आपोआप विरघळे. सरकारी परवानगी आणि तारणाचा नियम होता, पण तो न पाळणारेही कमी नव्हते. शिवाय कारखान्याची पत गावाबाहेर फारशी चालत नसे, म्हणून हाती पडला की त्याच दिवशी, जवळच्याच दुकानात खर्च.

पुढे काहींनी रक्कम सोन्याला बांधली. ४२ सुवर्ण-फेनिग (फेनिग म्हणजे मार्काचा शंभरावा भाग) म्हणजे डॉलरचा दहावा भाग, कारण १९१४ मध्ये डॉलर ४.२० मार्कांना होता. २० नोव्हेंबर १९२३ ला तो ४.२ लाख कोटी मार्कांना गेला. १५ तारखेला रेंटेनमार्क हे नवं चलन आलं होतंच. चलन आयुक्त याल्मार शाख्त यांनी राइशबँकेत नोटगेल्ड घेणं बंद केलं आणि कंपन्यांची ओरड ऐकून घेतली, इतकंच.

परत आलेल्या कागदांना भोकं पाडून बाद करत. संग्राहकांकडे बिनभोकाचेही भरपूर दिसतात. ते परत करायला जायचं, तर ट्रामचं तिकीटच महाग पडलं असतं.