रेस नाही हो बाबा, ट्रॅक डे!

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "या शनिवारीपण रेस होती का?"

दोन वर्षं मी त्यांना सांगतेय की मी रेस लावत नाही, ट्रॅक डेला जाते. पण त्यांच्या लेखी हेल्मेट घालून गाडी पळवली की झाली रेस. आईने दोन्हींना मिळून एकच शब्द ठेवलाय, तो इथे लिहिण्याजोगा नाही. तेव्हा म्हटलं, एकदा नीट लिहूनच टाकावं.

इथे अमेरिकेत रेसट्रॅक काही रोज रेसिंगसाठी लागत नाहीत. मधल्या दिवसांत क्लब ते भाड्याने घेतात आणि आमच्यासारख्या हौशी लोकांना आत सोडतात. गाडी आपलीच, सोमवारी ऑफिसला नेतो तीच. सकाळी तपासणी होते: चाकांचे नट पक्के आहेत ना, बॅटरी हलत नाही ना, ब्रेक पॅड किती उरलेत, सीटखाली पाण्याची बाटली लोळत नाही ना. (ती ब्रेकच्या पेडलखाली गेली तर काय होईल, हा विचार मी आधी कधी केलाच नव्हता.) मग अनुभवाप्रमाणे गट पाडतात आणि एकेका गटाला वीस-पंचवीस मिनिटं ट्रॅक मोकळा मिळतो. नवशिक्याच्या शेजारी प्रशिक्षक बसतो. फेरीला किती वेळ लागला हे कोणी मोजत नाही, बहुतेक क्लब मोजूही देत नाहीत. त्यामुळे पहिला नंबर नाही, बक्षीस नाही.

सगळ्यात मोठा फरक ओव्हरटेकिंगमध्ये. आमच्या गटात ते फक्त ठरलेल्या सरळ पट्ट्यांवरच करायचं आणि तेही पुढच्याने हात दाखवला तरच. काच खाली, हात बाहेर. बोट डावीकडे केलं की डावीकडून जा. उजवीकडून जायचं असेल तर हात टपावरून उजवीकडे. मागे तीन गाड्या असतील तर तीनदा हात करायचा, एकाच इशाऱ्यावर तिघं घुसलेली चालत नाहीत. माझ्या पहिल्याच दिवशी मी मोठ्या रुबाबात हात केला आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय तसाच ठेवला. मागचा बिचारा शेजारी आला आणि तिथेच अडकला, समोर वळण. शेजारी बसलेले प्रशिक्षक, साठी उलटलेले गृहस्थ, शांतपणे म्हणाले, "बोलावलंस ना त्याला? मग दार पण उघड."

रेसमध्ये हात-बित काही नाही. वळणात जागा दिसली की नाक घालायचं. तिथे जायला परवाना लागतो, त्याआधी डॉक्टरांची तपासणी आणि रेसिंग स्कूल. १९४४ साली सुरू झालेली एससीसीए, म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, ही इथली जुनी संस्था हौशी लोकांच्या अशा रेस भरवते. दुसरी १९९१ची, नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन, म्हणजेच नासा. ट्रॅक डेसाठी मी नासाकडे नाव नोंदवलंय हे आमच्या मावशीने अर्धवट ऐकलं आणि दोन दिवस मी घराण्याचा अभिमान होते.

मी रेस लावलेली नाही, पण एक रेस फार जवळून पाहिली आहे. झेंडे दाखवणारी माणसं इथे बहुतेक स्वयंसेवकच असतात, तशी एका शनिवार-रविवारी मी गेले. वळणाजवळच्या चौकीवर दोघं पाठीला पाठ लावल्यासारखे उभे राहतात. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. पिवळा झेंडावाला पुढचा ट्रॅक बघतो, निळावाला येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून असतो, कारण पिवळ्याची पाठ त्या गाड्यांकडे असते. एकमेकांची पाठ राखायची, एवढंच पहिलं काम. त्या चौकीचं मोल मला कॅलिफोर्नियातल्या लागूना सेका ट्रॅकवर गाडी चालवताना कळलं होतं. तिथे कॉर्कस्क्रू नावाचं वळण आहे. चढ चढून वर आलात की समोर नुसतं आभाळ, आणि मग डावी-उजवी मारत रस्ता सुमारे १८ मीटर खाली कोसळतो. खाली कोणी आडवं होऊन पडलंय का, हे ड्रायव्हरला दिसूच शकत नाही. चौकीवरचा पिवळा कपडा दिसला तर पाय काढायचा, बस्स.

तर त्या रेसमध्ये पहिल्याच फेरीत, आमच्या वळणावर, माझदा मियाटा या छोट्या दोन सीटच्या गाड्यांचा घोळका आला. एकाने आत नाक घातलं, दुसऱ्याने दार लावलं, म्हणजे वाट अडवली. डब्यावर डबा आपटावा तसा आवाज झाला. मागची गाडी गरकन फिरली आणि टायरांच्या भिंतीवर आडवी जाऊन आदळली. माझे हात गार पडले. माझ्या जोडीदाराने मात्र झेंडा हलवता हलवता फक्त खिडकीकडे नजर लावली होती. खिडकीच्या जाळीआड एक हातमोजा वर आला, अंगठा वर. "ठीक आहे," तो म्हणाला आणि वॉकीटॉकीवर कळवलं. आग नसेल तर ड्रायव्हरने गाडीतच बसून राहायचं, मदत येईपर्यंत बाहेर पाऊल टाकायचं नाही, हा नियम. अर्ध्या तासाने तो माणूस पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकमागच्या गाड्या उभ्या करायच्या आवारात, दिसला. गाडीचा मागचा पत्रा सरळ होईल का, याचीच त्याला चिंता.

मनात आलं, हीच धडक माझ्या गाडीला बसली असती तर? खरं सांगायचं तर त्या वेगाला कदाचित मीही बाहेर आले असते, पण पॅडॉकमध्ये हिंडत नक्कीच नसते. त्याच्या गाडीला आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा होता, अंग धरून ठेवणारी सीट, पाच-सहा पट्ट्यांचा हार्नेस, आग विझवणारी यंत्रणा, बाहेरून बंद करता येईल असा बॅटरीचा स्विच. अंगात आगीला दाद न देणारा सूट. नेहमीच्या सूटवर ३.२ए/५ असा शिक्का असतो, म्हणजे भाजून फोड यायला साधारण दहा सेकंद लागतात. गाडीतून बाहेर पडायला मिळणारा वेळ एवढाच. रेसमध्ये धक्का लागणारच असं धरून ही सगळी तयारी असते. ट्रॅक डेचे नियम धक्का लागूच नये यासाठी असतात, आणि गाडी मात्र तीच, रस्त्यावरची.

चौकीवरून परत येताना मी ठरवलं, आपणही हार्नेस बसवायचा. ऑनलाइन बघूनही ठेवला, लाल रंगाचा, चार पट्ट्यांचा. पुढच्या वेळी प्रशिक्षकांना दाखवला. ते काही न बोलता माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "गाडी उलटली. टप खाली आला. आता डोकं वाकव." मी वाकवलं. नेहमीच्या सीटबेल्टमध्ये खांदा सैल पडतो, अंग एका बाजूला कलतं. मग त्यांनी दोन्ही हातांनी माझे दोन्ही खांदे सीटला दाबून धरले. "आता वाकव." कशी वाकवणार? टप थेट डोक्यावर. हार्नेस बसवायचा तर निदान टपाला आधार देणारा रोल बार हवा. मधे पायांतून जाणारा पट्टा नसेल तर कमरेचा पट्टा वर सरकून पोटात रुततो, तेव्हा पाच किंवा सहा पट्ट्यांचाच हवा. आणि खांदे बांधले की धडकेत छाती जागेवर राहते, डोकं तेवढं पुढे फेकलं जातं. मानेला ते झेपत नाही.

या मानेची गोष्ट मोठी आहे. १९८१ साली मिड-ओहायो ट्रॅकवर पॅट्रिक जॅकमार्ट हा रेसर गेला. त्याचा मित्र जिम डाउनिंग हाही रेसरच, आणि डाउनिंगचे मेहुणे रॉबर्ट हबर्ड मिशिगन स्टेट विद्यापीठात बायोमेकॅनिक्स शिकवायचे. दोघांनी मिळून खांद्यावर बसणारी एक कॉलर बनवली, हेल्मेट तिला पट्ट्यांनी बांधलेलं. तीच हॅन्स. अवघडते, गरम होतं, मान वळत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कितीतरी ड्रायव्हर ती घालायला राजी नव्हते. १८ फेब्रुवारी २००१ला डेटोना ५०० शर्यतीच्या शेवटच्या फेरीत अमेरिकेतला नावाजलेला रेसर डेल अर्नहार्ट भिंतीवर आदळला आणि कवटीच्या तळाशी फ्रॅक्चर होऊन गेला. त्याच वर्षी ती शर्यत भरवणाऱ्या नॅसकार संस्थेने मान धरणारं साधन सक्तीचं केलं, २००३मध्ये फॉर्म्युला वनने.

म्हणजे हार्नेस घेतला की रोल बार आला, सीट आली, हॅन्स आली. आणि नुसता पिंजरा घालून रोज ऑफिसला जायचं म्हटलं तर हेल्मेट नसलेलं डोकं आणि लोखंडी नळी यांत चार बोटांचं अंतर. एक तर सगळं करा, नाहीतर कंपनीने दिलंय त्याला हात लावू नका, असं प्रशिक्षकांचं म्हणणं. सीटबेल्ट, एअरबॅग आणि चेपणारा पुढचा भाग हे एकमेकांच्या हिशेबाने बनवलेले असतात. शिवाय बऱ्याच क्लबांत दोन्ही सीटना सारखीच बांधणी लागते. माझ्या सीटला हार्नेस आणि प्रशिक्षकाला साधा पट्टा, हे चालत नाही. मला ते रास्त वाटतं. ऑक्टोबर २०१३मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड रेसवेवर शॉन एडवर्ड्स हा रेसर शिकवत असताना शेजारच्या सीटवर गेला. पोर्शे सुपरकप या शर्यतींच्या मालिकेत त्या वेळी तो आघाडीवर होता. १९७६ साली जर्मनीतल्या न्युरबुर्गरिंग ट्रॅकवर फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर निकी लाउडाला जळत्या गाडीतून ओढून काढणाऱ्यांपैकी एक होते गाय एडवर्ड्स, शॉन हा त्यांचा मुलगा. रेस नव्हती त्या दिवशी.

हार्नेस मी घेतला नाही. हेल्मेट तेवढं बदललं. मोटरसायकलचं होतं, ते एम शिक्क्याचं. गाडीसाठी एसए शिक्का लागतो, कारण त्यात आतल्या अस्तराची आगीची चाचणी होते आणि रोल बारवर डोकं आपटलं तर काय, याचीही.

ट्रॅक डेला अपघात होतच नाहीत असं नाही. २००५मध्ये कॅलिफोर्नियातल्या फॉन्टानाच्या ट्रॅकवर अशाच एका दिवशी पिटमधून, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यातून, एक फेरारी हळू बाहेर आली, मागून पोर्शे करेरा जीटी भरधाव येत होती. तिने चुकवायला स्टीअरिंग फिरवलं, गाडी ताबा सोडून काँक्रीटच्या भिंतीवर गेली, आतले दोघंही गेले. कोर्टात प्रश्न गाडीचा, पिटमधून सोडणाऱ्याचा, भिंत कुठे होती याचा, असा सगळ्यांचाच निघाला. रेसमध्ये एका वर्गातल्या गाड्या साधारण एकाच ताकदीच्या असतात आणि शेजारी कोणीतरी असणारच हे प्रत्येकाला ठाऊक असतं. ट्रॅक डेला सहाशे हॉर्सपॉवरची गाडी आणि माझी बापडी हॅचबॅक एकाच ट्रॅकवर, आणि आपण एकटेच आहोत असं वाटायला लावणारी शांतता.

विम्याचं बाबांनी विचारलंच होतं. रोजच्या विम्यात रेसट्रॅकवरचं नुकसान बहुतेक वेळा धरत नाहीत, त्या दिवसापुरता वेगळा घ्यावा लागतो. मी घेते.

आता जे बाबांना सांगितलं नव्हतं ते.

गेल्या महिन्यात दिवसाच्या चौथ्या फेरफटक्यात माझ्यापुढे एक नारिंगी कूपे होती. मी आता एकटीने चालवते, शेजारी कोणी नसतं. तो वळणात माझ्यापेक्षा हळू आणि सरळ पट्टीवर पुढे. मला वाटलं, याला गाठायचंच. प्रत्येक वळणाला मी ब्रेक जरा उशिरा मारायला लागले. वेग दुप्पट झाला की ब्रेकवरचं काम चौपट होतं, हे मला पाठ आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं हेही ठाऊक आहे. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा निकष आहे, पाणी मुरलेल्यासाठी तोच निकष १५५ वर येतो. माझं दोन वर्षांचं जुनं होतं. आदल्या फेरीत पेडल थोडं मऊ लागलं होतं. मी दुर्लक्ष केलं.

लांब पट्टीच्या टोकाला ब्रेक दाबला आणि पेडल खाली बसलं. स्पंजावर पाय ठेवावा तसं. पुन्हा दाबला, तेच. तिसऱ्या वेळी कुठेतरी काहीतरी धरलं. तोवर वळण हातचं गेलं होतं. आता खेचून ट्रॅकवर आणायला गेले तर गाडी उलट्या बाजूला फिरेल, म्हणून स्टीअरिंग सरळ ठेवलं आणि बाहेरची दोन चाकं मातीत जाऊ दिली. खडखडाट, धूळ, आणि मग गाडी हळूहळू परत डांबरावर. दोन चाकं बाहेर गेली की आपणहून पिटमध्ये यायचं, असा नियम आहे. आले. पिटमधल्या बाईंनी खिडकीत वाकून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "ब्रेक." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हटलं, "आणि मी."

नारिंगी गाडीवाला नंतर सावलीत बसलेला दिसला. त्याच्याशी मी सात फेऱ्या रेस लावली होती, पण मी मागे होते हे त्याच्या लक्षातही नव्हतं.

परवा हे सगळं बाबांना सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. थोडा वेळ पलीकडून काहीच आलं नाही. मग म्हणाले, "नवीन ऑइल टाकलंस, त्याची तारीख कुठे लिहून ठेवलीस?"

"लिहिली नाही."

"मग आत्ता जा, बॉनेट उघड आणि आतल्या बाजूला लिही. मी फोन धरतो."

मी मार्कर घेऊन खाली गेले.