फार्गोचं रॉजर मॅरिस म्युझियम : पत्ता मॉलचा, तिकीट शून्य

मॅप तुम्हाला वेस्ट एकर्स मॉलच्या पार्किंगमध्ये आणून सोडतो आणि वाटतं, चुकलाच. चुकलेला नसतो. नॉर्थ डकोटातल्या फार्गो शहरात आय-२९ महामार्गावरून तेराव्या ॲव्हेन्यू साउथला उतरलं की लगेच हा मॉल. एका हंगामात ६१ होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवून काढलेली धाव) मारणाऱ्या बेसबॉलपटू रॉजर मॅरिसच्या या म्युझियमला वेगळी इमारत नाही, कमान नाही, तिकीटखिडकी तर नाहीच. दारात नकाशा असतो, तो आधी बघा. मी न बघता शिरलो आणि अर्धा मॉल पालथा घातला. वेळा मॉलच्याच, रविवारी तो उशिरा उघडतो आणि लवकर मिटतो.

मॉल का, तर ती मॅरिसचीच अट. म्युझियम करायचं तर लोकांची येजा असेल तिथे, आणि फुकट. १९८४ मध्ये ते तसंच उघडलं. पुढच्याच वर्षी तो गेला.

म्युझियम म्हणजे मुख्यतः सत्तर-बहात्तर फूट लांबीचं काचेचं कपाट. बहुतेक जण खरेदीच्या पिशव्या सांभाळत पाच मिनिटांत पुढे जातात. नीट वाचलं तर चाळीस मिनिटं लागतात. फार्गोतल्या दिवसांचा भाग गाळू नका. शॅनली हायस्कूलकडून अमेरिकन फुटबॉल खेळताना या पोराने एका सामन्यात चार वेळा प्रतिस्पर्ध्यांचा चेंडू पकडून थेट टचडाउनपर्यंत, म्हणजे गोलरेषेपार, पळवत नेला होता. काही जुन्या कात्रणांत आडनाव ‘मॅरास’ दिसेल. छपाईची चूक नव्हे, ‘मॅरिस’ नंतर झालं. १९६० चा एमव्हीपी (लीगमधला सर्वात मोलाचा खेळाडू) फलक आणि हिकॉक बेल्ट (वर्षातल्या सर्वोत्तम व्यावसायिक खेळाडूला मिळणारा पट्टा) मात्र शोधू नका. २०१६ च्या जुलैमध्ये दोन्ही इथून चोरीला गेले.

फोटो काढताना काचेत समोरच्या दुकानाचे दिवे उमटतात. फोन काचेला जवळजवळ टेकवून, जरा तिरका धरा.

खरी गोष्ट व्हिडिओच्या खोलीत. बसायच्या खुर्च्या मॅरिसच्या न्यूयॉर्क यँकीज संघाच्या जुन्या यँकी स्टेडियममधल्या आहेत, पाठीला टोचतात, तरी बसा. १ ऑक्टोबर १९६१, हंगामाचा शेवटचा दिवस, चौथी इनिंग. प्रतिस्पर्धी पिचर ट्रेसी स्टॅलर्डने टाकलेला चेंडू मॅरिसच्या फटक्याने राइट फील्डच्या प्रेक्षकांत जातो. हंगामातला एकसष्टावा होमरन. बेब रूथचा १९२७ मधला ६० चा विक्रम मोडला. सामन्यात धाव एकच झाली, तीही हीच. सहकारी त्याला डगआउटमधून (खेळाडूंच्या बसायच्या जागेतून) पुन्हापुन्हा बाहेर ढकलतात तेव्हा त्याचा अवघडलेला चेहरा बघा. मग प्रेक्षकांकडे बघा : जागा रिकाम्या आहेत. अवाढव्य स्टेडियममध्ये त्या दिवशी जेमतेम २३,१५४ माणसं होती.

कारण माहीत नसेल तर हे दृश्य कोड्यात टाकतं. रूथच्या वेळी हंगाम १५४ सामन्यांचा होता, १९६१ मध्ये तो १६२ चा झाला. बेसबॉलचे प्रमुख, कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी जुलैमध्येच जाहीर केलं की १५४ सामन्यांनंतर मोडलेला विक्रम वेगळा नोंदवला जाईल. संघाचे १५४ सामने झाले तेव्हा मॅरिस ५९ वर होता. लोकांच्या लेखी शर्यत तिथेच संपली. विक्रमापुढच्या ज्या फुलीबद्दल (वेगळी नोंद दाखवणाऱ्या खुणेबद्दल) सगळे बोलतात ती अधिकृत नोंदवहीत कधी पडलीच नव्हती. तरी वेगळ्या नोंदीचा निवाडा रद्द व्हायला १९९१ उजाडलं. बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगपैकी मॅरिसच्या अमेरिकन लीगमध्ये हा आकडा २०२२ मध्ये ॲरन जजने ६२ मारेपर्यंत टिकला. ६१ चा विक्रम, बरोब्बर ६१ वर्षं.

हाताशी तासभर असेल तर गाडी उत्तरेला, विमानतळाजवळच्या होली क्रॉस दफनभूमीकडे घ्या. मॅरिसची कबर तिथे आहे. दगड बेसबॉलच्या मैदानासारखा चौकटच्या आकाराचा, त्यावर ‘६१’ दोनदा कोरलेलं, एकदा होमरनचं आणि एकदा सालाचं. लोक पायथ्याशी चेंडू आणि नाणी ठेवून जातात. हिवाळ्यात जाणार असाल तर उंच बूट घाला, बर्फात पाय रुततात.