पंधरा लिटरची बादली आणि एक प्रस्ताव

१३ फेब्रुवारी २०२४ रोजी, मंगळवारी सकाळी पावणेआठ वाजता, तृतीय वर्षाच्या भूशास्त्राच्या अठरा विद्यार्थ्यांना क्षेत्रभेटीसाठी गाडीत बसवत असताना मला तो ईमेल आला. केंद्रीय पातळीवरील एका योजनेकडे आठ महिन्यांपूर्वी पाठवलेला माझा संशोधन प्रस्ताव नामंजूर झाला होता. सोबत परीक्षकांचे अभिप्राय होते. गाडी सुटेपर्यंत मी ते तीनदा वाचले.

त्या प्रस्तावावर मी चार महिने रात्री जागून काम केले होते. रत्नागिरी जिल्ह्यातील ज्या भागात आमचे महाविद्यालय आहे, तेथे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल उजाडला की वाड्यावाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. हे दुःख मी वीस वर्षे जवळून पाहत आले आहे. त्यामुळे प्रस्तावाला ‘कोकणातील भूजलाचा सर्वंकष अभ्यास’ असे शीर्षक देताना आपण काही चूक करत आहोत, असे मला क्षणभरही वाटले नव्हते. उद्दिष्टे सहा होती, मागणी सेहेचाळीस लाखांची होती आणि त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम पाण्यातील क्षारांचे विश्लेषण करणाऱ्या एका यंत्रासाठी होती.

अभिप्राय तीन होते. पहिल्या परीक्षकाने लिहिले होते की, प्राथमिक निरीक्षणे नाहीत. दुसऱ्याने लिहिले होते की, यंत्राची गरज सिद्ध होत नाही, कारण अशा चाचण्या शुल्क भरून अन्यत्र करून घेता येतात. तिसऱ्याचा अभिप्राय एका ओळीचा होता : ‘अर्जदाराला नेमका कोणता प्रश्न सोडवायचा आहे, हे शेवटपर्यंत कळत नाही.’ पहिल्या अभिप्रायाने मला राग आला. निरीक्षणे करण्यासाठीच तर पैसे मागितले होते. ती आधीच असती तर प्रस्ताव कशाला लिहिला असता, असे मनाशी म्हणत मी गाडीत बसले.

त्या दिवशी आम्ही एका सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, उतारावरचे दोन झरे पाहणार होतो. वर जांभ्याचा सपाट कातळ, त्याखाली पांढुरका-गुलाबी, चिकणमातीसारखा थर आणि त्याखाली काळा बेसाल्ट, असा तो उभा छेद विद्यार्थ्यांना एकाच उतारावर दाखवता येतो. जांभा सच्छिद्र असल्याने पाऊस झटकन आत घेतो. खालचा चिकण थर ते पाणी सहसा पुढे जाऊ देत नाही. मग पाणी आडवे सरकत उताराच्या काठावर झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. वरचा झरा अगदी त्या सांध्यावर आहे. दुसरा, पाखाडीने साठेक पायऱ्या उतरल्यावर, बेसाल्टच्या भेगेतून निघतो आणि पुढे पऱ्याला, म्हणजे ओहोळाला, मिळतो.

झऱ्याचा प्रवाह मोजण्याची सर्वांत सोपी पद्धत मी नेहमीप्रमाणे शिकवली. पंधरा लिटरची बादली धारेखाली धरायची, घड्याळ लावायचे आणि ती भरायला लागणारे सेकंद मोजायचे. वरच्या झऱ्याखाली बादली बावीस सेकंदांत भरली, खालच्या झऱ्याखाली एकतीस. विद्यार्थ्यांनी वह्यांत आकडे लिहिले आणि मीही सवयीने लिहिले. तेवढ्यात हंडा घेऊन आलेल्या एक आजी कठड्यावर थांबून आमचा उद्योग पाहत होत्या. वरच्या झऱ्याला पाणी जास्त असताना बायका खाली का उतरतात, असे एका विद्यार्थिनीने त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, “आता वरच भरतो. पण वरचा शिमगा झाला की आटतो, बाय. खालचा बारीक होतो, आटत मात्र नाही. मी लगीन होऊन आले तेव्हापासून आटलेला नाही बघितला.”

वीस वर्षे मी हे दोन्ही झरे विद्यार्थ्यांना दाखवत होते, पण दरवेळी फेब्रुवारीतच, कारण क्षेत्रभेट फेब्रुवारीत असते. एकाच डोंगराचे, एकाच पावसाचे पाणी दोन वेगवेगळ्या रीतीने ओसरते, ही गोष्ट माझ्या सेहेचाळीस लाखांच्या प्रस्तावात कोठेही नव्हती. परतीच्या प्रवासात मी अभिप्राय चौथ्यांदा वाचले तेव्हा राग राहिला नव्हता. पहिल्या परीक्षकाने मागितलेली निरीक्षणे बादली आणि घड्याळ यांनी मिळणार होती. त्यासाठी लागणारे अनुदान म्हणजे माझ्या दुचाकीचे पेट्रोल.

त्यानंतर दर मंगळवारी सकाळी साडेसहाला मी तेथे जाऊ लागले. बादली एकच ठेवली. प्रयोगशाळेतील एक लिटरच्या मोजपात्राने तिच्यात पंधरा वेळा पाणी ओतले आणि जेथे पातळी आली तेथे आतून तैलरंगाची लाल रेघ ओढली. प्रत्येक झऱ्यावर तीन वेळा मोजायचे आणि सरासरी घ्यायची, असा नेम ठेवला. वरच्या झऱ्याला बादली भरण्यास २७ फेब्रुवारीला चव्वेचाळीस सेकंद लागले, १२ मार्चला दीड मिनिट आणि शिमग्याच्या गडबडीत, २६ मार्चला, तीन मिनिटे. ९ एप्रिलला गुढीपाडव्याची सुट्टी होती. घरी गुढी उभारून मी गेले, तर वर केवळ ओला दगड होता. खालच्या झऱ्याचे आकडे मात्र निराळे बोलत होते. १२ मार्चला बावन्न सेकंद आणि पाडव्याला अठ्ठ्याऐंशी, म्हणजे तोही घटत होता; पण त्यानंतर चार आठवड्यांनी, ७ मे रोजी, लोकसभेचे मतदान करून मी तेथे पोहोचले तेव्हा सत्त्याण्णव सेकंदच लागले.

झऱ्याच्या ओसरण्याचा आलेख अर्धलघुगणकी कागदावर (ज्याच्या एका अक्षावर समान पटींना समान अंतर असते) काढण्याची रीत जुनी आहे. एदमों माये या फ्रेंच अभ्यासकाने १९०५ मध्ये तिचे सूत्र मांडले. एकाच साठ्यातून पाणी येत असेल तर बिंदू साधारणपणे एका सरळ रेषेत पडतात. वरच्या झऱ्याचे बिंदू तसेच पडले. खालच्या झऱ्याची रेषा पाडव्याच्या सुमारास मोडली आणि जवळजवळ आडवी झाली. याचा एक अर्थ असा होऊ शकत होता की, खालच्या झऱ्याला दोन साठे पाणी पुरवतात : जांभ्यातला, जो लवकर रिता होतो, आणि बेसाल्टच्या भेगांतला, जो संथपणे झिरपत राहतो. सहकाऱ्याकडून उसनी आणलेली विद्युतवाहकता मोजणारे पेनसारखे छोटे उपकरण पाण्यात बुडवले, तेव्हा वरच्या पाण्याचे मोजमाप साठ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आसपास आले. खालचे फेब्रुवारीअखेर एकशे दहा होते, ते मे महिन्यात दोनशे चाळीसवर गेले. पाणी खडकात जितके जास्त काळ राहते तितके क्षार सहसा अधिक विरघळतात. तो आलेख काढला त्या रात्री मला झोप लागली नाही, हे मी येथे मोकळेपणाने नोंदवते.

आता प्रश्न एका वाक्यात लिहिता येत होता : सड्याच्या उतारावरील कोणत्या झऱ्यांना बेसाल्टमधील साठा पाणी पुरवतो, आणि ते मार्चपूर्वीच ओळखता येईल का? हे ओळखता आले, तर बंधारे आणि पाझरचर यांचा तुटपुंजा निधी कोठे वापरावा, हे ग्रामपंचायतीला सांगता येईल.

प्रश्न ठरल्यावर पैसे कोठे मागायचे, हे शोधणे सोपे झाले. पहिल्या वेळी मी जी जाहिरात आधी दिसली तिच्या साच्यात अभ्यास कोंबला होता. या वेळी आधी प्रत्येक निधीचा हेतू वाचला. केंद्राच्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाची जागा २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेले अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन नुकतेच घेत होते आणि त्याच्या योजना त्या काळात नव्याने आकार घेत होत्या. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. मी बोलले त्या कंपनीचे अधिकारी बंधारा बांधायला तयार होते, दोन वर्षे झरे मोजायला नव्हते. मला त्यांचा दोष वाटत नाही. परदेशी देणगी घ्यायची तर संस्थेकडे त्यासंबंधीच्या कायद्याखालील नोंदणी हवी, ती आमच्याकडे नव्हती. शेवटी राज्यातील स्थानिक प्रश्नांवरील उपयोजित संशोधनाला मदत करणारी एक योजना निवडली. तिने आधी मंजूर केलेल्या प्रकल्पांची यादी मी ओळ न् ओळ वाचली, कारण माहितीपत्रकात न सांगितलेली गोष्ट त्या यादीत दिसते : रक्कम साधारण किती असते, मुदत किती असते आणि आपल्यासारख्या महाविद्यालयाला पूर्वी काही मिळाले आहे का.

प्रस्ताव नव्याने लिहिताना सर्वांत जड गेले ते कापणे. जुन्या प्रस्तावना-विभागाची पहिली दोन पाने, फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये केरळातील अंगाडीपुरमच्या दगडाला, म्हणजे जांभ्याला, लॅटेराइट हे नाव दिले तेथून सुरू होत होती. ती माझी आवडती पाने होती. ती काढली आणि त्या जागी दोन झऱ्यांचा आलेख ठेवला. उद्दिष्टे सहाची दोन झाली. यंत्र गेले.

अंदाजपत्रक मी शेवटी लिहिले आणि कामाच्या वेळापत्रकातून लिहिले. बारा झरे, महिन्यातून एक नमुना, चोवीस महिने, म्हणजे २८८ नमुने, पावसाळ्याचे अठरा आठवडे दर आठवड्याला पावसाच्या पाण्याचा एक नमुना, दोन वर्षांचे छत्तीस, एकूण ३२४. या संख्येला समस्थानिक चाचणी (पाण्यातील अणूंच्या वजनांतील सूक्ष्म फरकांवरून ते कोठून आले हे ओळखण्याची चाचणी) करणाऱ्या प्रयोगशाळेच्या दराने गुणले. कनिष्ठ संशोधन सहायकाचे विद्यावेतन दरमहा ₹३७,००० आणि घरभाडे भत्ता, हे केंद्राच्या दराने धरले. पर्जन्यमापके, चार पातळीनोंदक, प्रवास, आणि दर मंगळवारी मोजणी करणाऱ्या वाडीतील दोन स्त्रियांचे मानधन. हे मानधन ‘किरकोळ’ या शीर्षाखाली टाकावे, असे कार्यालयातून सुचवले गेले. मी ते वेगळ्या ओळीत, मनुष्यबळ या शीर्षाखालीच ठेवले, कारण प्रकल्पाची निम्मी निरीक्षणे त्यांच्या हातून होणार होती. एकूण मागणी एकोणीस लाखांच्या आत आली. प्राचार्यांचे संमतीपत्र आणि ग्रामपंचायतीचा ठराव मुदतीच्या तीन आठवडे आधीच हाती घेतला. पहिल्या वेळी ही सही शेवटच्या दुपारी धावपळ करून मिळवली होती.

ऑक्टोबरमध्ये मुंबईत सादरीकरण झाले. दहा मिनिटे दिली होती. समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी आलेखावर बोट ठेवून विचारले, “प्रत्येक वेळी बादली हीच होती का?” मी लाल रेघेचे छायाचित्र दाखवले. त्यानंतर त्यांनी रेषा मोडण्याचा दुसरा काही अर्थ असू शकेल का, असे विचारले आणि त्या उन्हाळ्यात वर पडलेल्या अवकाळी सरींची शक्यता मांडली. आमच्याकडे तेव्हा पर्जन्यमापक नव्हते. महसूल मंडळाच्या केंद्रावरील नोंदी मी सोबत नेल्या होत्या, त्या दाखवल्या आणि सड्यावरचे स्वतंत्र मोजमाप याच शंकेसाठी मागितले आहे, हेही सांगितले. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या अर्जदाराला बोलावले गेले.

मंजुरीपत्र जानेवारीत आले. पुढच्या मंगळवारी ते पिशवीत घेऊनच मी झऱ्यावर गेले. आजी हंडा भरत होत्या. सरकारने पैसे दिले, हे त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, “म्हणजे आता पाणी वाढेल?” मी म्हणाले, “या पैशाने पाणी वाढणार नाही, आजी. कोणत्या झऱ्यामागे खर्च करायचा, ते दोन वर्षांनी नीट सांगता येईल.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग हंडा कठड्यावर ठेवून मला पऱ्याच्या पलीकडे, करवंदीच्या जाळीमागे घेऊन गेल्या आणि दगडाच्या भेगेतून झिरपणारी बोटाएवढी धार दाखवली. ही वैशाखातही अशीच असते, असे त्या म्हणाल्या. प्रस्तावातील बारा झऱ्यांच्या यादीखाली मी पेन्सिलीने तेरावा लिहिला आणि बादली आणायला परत फिरले.