‘पूर्ण’ आणि ‘बाकी’

सुक्कोतच्या, म्हणजे यहुद्यांच्या मांडवांच्या सणाच्या आठवड्यात जेरुसलेममध्ये गट फिरवायचा म्हणजे निम्मं डोकं रस्त्यांवरच खर्च होतं. जुन्या शहराभोवती पोलिसांचे अडथळे असतात, बस उकिरडा वेशीपर्यंत येऊ शकत नाही आणि साठीपुढच्या माणसांना उन्हात किती चालवायचं याचा हिशेब आदल्या रात्रीच मांडून ठेवावा लागतो. माझा मार्ग आधी स्वच्छतागृहांवर ठरतो, पवित्र स्थळं त्यानंतर. ज्या गाइडला हे जमत नाही, त्याचा गट दुपारी काही ऐकण्याच्या अवस्थेत उरत नाही.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी बोलणारी यहुदी; मूळ घर अलिबागकडचं. महाराष्ट्रातून येणारे ख्रिस्ती गट मराठी बोलणारी गाइड मागतात आणि अशा आम्ही इथे बोटांवर मोजण्याइतक्या आहोत. परवान्याच्या अभ्यासात नवा करार कसून करून घेतात, त्यामुळे गालील असो की गेथशेमाने, मी अडत नाही. माझे काही सहकारी मात्र गटाला जे ऐकायचं असतं तेच ऐकवतात आणि गट बसमधून उतरला की त्यांच्या श्रद्धेची टिंगल करतात. मला ती दोन्ही कामं सारखीच हलकी वाटतात.

हा गट नगर जिल्ह्यातला होता. त्यांचे पाळक मसीही यहुदी शिक्षकांकडे शिकलेले. मसीही यहुदी म्हणजे येशूला मसीहा, म्हणजे देवाने वचन दिलेला तारणारा मानणारे, पण स्वतःला यहुदीच म्हणवणारे आणि शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस), सण पाळणारे लोक. जगभरच्या यहुद्यांना इस्राएलचं नागरिकत्व देणाऱ्या परतीच्या कायद्याखाली त्यांना यहुदी म्हणून हक्क मिळणार नाही, असा निकाल इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली दिला. बहुतेक इस्राएली लोक त्यांच्याकडे कसं बघतात, ते यावरून कळावं.

पाळकांनी गावाहून एक फ्लेक्स गुंडाळून आणला होता. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या २३व्या अध्यायातले सात सण, दोन रकान्यांत. डावीकडे ‘पूर्ण’: वल्हांडण म्हणजे वधस्तंभावरचा कोकरा, बेखमीर भाकरीचा सण म्हणजे कबरेतला निष्पाप देह, प्रथमफळ म्हणजे पुनरुत्थान, सप्ताहांचा सण म्हणजे पवित्र आत्म्याचं उतरणं. उजवीकडे ‘बाकी’: कर्ण्यांचा सण म्हणजे प्रभूचं पुनरागमन, प्रायश्चित्ताचा दिवस म्हणजे इस्राएलचा पश्चात्ताप, मांडवांचा सण म्हणजे त्याचं राज्य. वसंतातले चार झाले, शरदातले तीन व्हायचे.

मांडणी देखणी आहे हे मला मान्य आहे. पण तिच्यात एक निवड दडलेली आहे. प्रथमफळाची पेंढी ‘शब्बाथाच्या दुसऱ्या दिवशी’ ओवाळायची, पण हा शब्बाथ कोणता? येशूच्या काळातल्या परुशी पंथाचे यहुदी म्हणाले, वल्हांडण सणाचा पहिला दिवस. सदूकी पंथाचे म्हणाले, आठवड्याचा शनिवार. आम्ही आजवर परुश्यांप्रमाणे मोजतो. फ्लेक्सवरचा पुनरुत्थानाचा रविवार सदूक्यांच्या मोजणीने येतो. मी हे बसमध्ये सांगितलं तेव्हा पाळकांनी वही काढून लिहून घेतलं आणि मग मला मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहातली अवतरणं ऐकवली. त्यांचा अभ्यास पाठांतराचा नव्हता.

शिलोह तळ्याच्या पायऱ्यांवर मला खरं बोलायला आवडतं. २००४ मध्ये सांडपाण्याच्या नळाचं काम चालू असताना दगडी पायऱ्या लागल्या आणि येशूच्या काळातलं तळं हाती आलं. पाच पायऱ्या, मग रुंद टप्पा, पुन्हा पाच पायऱ्या. त्याआधी शेकडो वर्षं यात्रेकरूंना जवळचंच एक लहान, बायझंटाइन काळातलं कुंड दाखवत असत. सुक्कोतमध्ये शब्बाथ सोडून रोज सकाळी इथून तीन लोग (हे जुनं माप) पाणी सोन्याच्या सुरईत भरून वर मंदिरात नेत. पाणी वेशीत शिरलं की कर्णे वाजत. वेदीवर दोन भांडी, एक पाण्याचं आणि एक द्राक्षारसाचं. लोक याजकाला ओरडून सांगत, ‘हात वर कर!’ कारण एकदा एका याजकाने पाणी वेदीऐवजी स्वतःच्या पायांवर ओतलं होतं आणि जमावाने त्याला हातातल्या एत्रोगांनी झोडपलं होतं. एत्रोग म्हणजे आपलं महाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच, हे सांगितलं की मराठी गटाला ते फळ लगेच डोळ्यांसमोर येतं. रात्री स्त्रियांच्या अंगणात मोठ्या समया पेटत, आणि त्यांच्या वाती याजकांच्या जुन्या विजारी-कमरपट्ट्यांच्या असत. हे माहीत झालं की योहानाच्या सातव्या अध्यायातलं ‘कोणी तान्हेला असल्यास माझ्याकडे यावे’ आणि आठव्यातलं ‘मी जगाचा प्रकाश आहे’ कुठल्या पाण्याच्या आणि कुठल्या दिव्यांच्या साक्षीने म्हटलं गेलं, ते माझ्यासारख्या यहुदी बाईलाही दिसतं.

त्यानंतर पाळकांनी फ्लेक्स उलगडला. गर्दी इस्राएली कुटुंबांची होती. मराठी कुणाला वाचता येत नव्हतं, पण पहिल्या चौकटीतला क्रूस सगळ्यांना वाचता येतो. येशिवाचे, म्हणजे यहुदी धर्मपाठशाळेचे दोन तरुण थांबून टक लावून बघू लागले. इथे धर्मप्रसाराचा नुसता वास आला तरी वाद पेटतो. मी फ्लेक्स गुंडाळायला सांगणार, इतक्यात मागून आवाज आला, ‘‘पूर्ण... बाकी... हे काय लिहिलंय हो?’’

मागे एक आजी उभ्या होत्या. फुलाफुलांचा गाऊन, डोक्याला रुमाल, सोबत नातवंडं. दक्षिणेकडच्या दिमोना गावाहून आलेल्या, जन्म रेवदंड्याचा. त्या मराठी अक्षरांवर बोट फिरवत सातही चौकटी त्यांनी मोठ्याने वाचून काढल्या. मग म्हणाल्या, ‘‘ही तर वाण्याची उधारीची वही झाली. आम्ही दरसाल वल्हांडणाच्या रात्री सेदरचं जेवण करतो. आमचा वल्हांडण पूर्ण कसा झाला?’’

पाळकांनी हात जोडले. ‘‘आजी, संपला असं मी म्हणत नाही. प्रभू येशू स्वतः हा सण पाळायला या शहरात आला होता. तुम्ही लोकांनी तो जपला नसता तर आम्हाला काही कळलंच नसतं.’’

‘‘मग ते लिहा की तिथं!’’

गटातल्या बायका हसल्या, आजीही हसल्या, आणि दोन्हीकडून गावं, आडनावं, नाती विचारणं सुरू झालं. ते तरुणही निघून गेले. आजींनी पाळकांच्या मंडळीला सुक्का, म्हणजे सणाचा मांडव कसा बांधायचा ते सांगितलं: कोकणात त्या नारळाच्या झावळ्या टाकत, छतातून तारे दिसले पाहिजेत पण उन्हापेक्षा सावली जास्त हवी.

मला मात्र सहावी चौकट सुटत नव्हती. प्रायश्चित्ताचा दिवस, ‘बाकी’. इस्राएल एक दिवस येशूला ओळखील आणि शोक करील. त्या चौकटीत मी आहे, माझी आई आहे, त्या आजी आहेत. कोकणातले आमचे पूर्वज किप्पूरला, म्हणजे या प्रायश्चित्ताच्या दिवसाला, दरफाळणीचा सण म्हणत, दारं लावून दिवसभर घरात बसत. त्यांना हिब्रू येत नव्हतं, तरी तो दिवस त्यांनी सोडला नाही. तो दिवस अजून व्हायचा आहे, असं माझ्याच गटाने माझ्यासमोर धरावं, हे ऐकून घेणं सोपं नाही. वाट बघणारी ही माणसं प्रेमाने वाट बघतात, म्हणून तर ते जास्त जड जातं.

आणि त्यांना झिडकारताही येत नाही. आमच्या लोकांना हिब्रू शिकवणाऱ्यांत मिशनरी होते. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं. मिशनच्या शाळांत आमची मुलं शिकली, मराठी जुना करार आमच्या घरांत त्यांच्याकडूनच आला. त्यांना आम्ही ख्रिस्ती व्हायला हवे होतो. त्यांच्याकडून शिकून आम्ही जास्त पक्के यहुदी झालो. माझ्या आईच्या कपाटातलं मराठी शास्त्र बायबल सोसायटीचंच आहे.

निघताना पाळकांनी सरळ विचारलं, ‘‘ताई, तुम्हाला काय वाटतं?’’

मसीहा आला की यायचाय, या प्रश्नाला मी कामावर असताना उत्तर देत नाही, तेव्हाही दिलं नाही. मी त्यांना बायबलमधल्या गणना पुस्तकाचा २९वा अध्याय काढायला सांगितला. सुक्कोतचे सात दिवस: पहिल्या दिवशी तेरा गोऱ्हे, मग बारा, असं उतरत सातव्या दिवशी सात. एकूण सत्तर. आमच्या शास्त्रींनी म्हटलं, हे जगातल्या सत्तर राष्ट्रांसाठी. आठव्या दिवशी एकच गोऱ्हा, तो इस्राएलसाठी. ‘‘या सणात तुमची जागा मंदिर उभं होतं तेव्हापासून आहे,’’ मी म्हटलं. ‘‘जखऱ्याचा चौदावा अध्याय तुम्ही फ्लेक्सवर घातलाय, राष्ट्रं मांडवांच्या सणाला वर येतील. तोच अध्याय आम्ही सणाच्या पहिल्या दिवशी सभास्थानात वाचतो.’’

ते बराच वेळ लिहीत होते. मग म्हणाले, ‘‘म्हणजे आम्ही आलो, हे तुमच्याही शास्त्रात बसतं.’’ मी हो म्हटलं. सहाव्या चौकटीबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. त्यांना ती चौकट माझ्यादेखत वाचताना काही वाटलं का, हे मला अजून विचारावंसं वाटतं.

हाच गट वल्हांडणाला पुन्हा येतोय आणि त्यांनी मलाच मागितलंय. मी होकार कळवलाय, एका अटीवर. फ्लेक्स कुठेही लावा, पण तो उघडण्याआधी अर्धा तास माझा.